गणपतीच्या देखाव्यात मीटरगेजची कोल्हापूर–मिरज गाडी दाखवायची आहे, आराखडा तपासून द्या

पेठेतला_कार्यकर्ता

यंदा मंडळाचा देखावा ठरलाय: 'कोल्हापूरची जुनी रेल्वे'. स्टेज १४ फूट रुंद, ८ फूट खोल. आराखडा असा आहे. मधे वाफेचं इंजिन आणि मागे दोन डबे, डब्यांवर 'मुंबई–कोल्हापूर महालक्ष्मी एक्स्प्रेस'. डावीकडे शाहू महाराज हिरवा झेंडा दाखवताहेत आणि खाली '१८९१' लिहिलंय. मागे पंचगंगेचा पूल, वर सिग्नल. बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचं जुनं तिकीट. बाजूच्या भिंतीवर बंद झालेल्या गाड्यांची यादी.

पेठेतली जुनी जाणती माणसं रोज संध्याकाळी येऊन बसणार. एक चूक सापडली तर विसर्जनापर्यंत ऐकून घ्यावं लागेल. तेव्हा आत्ताच काय ते ठोका. इंजिनाची चाकं फिरायला हवीत, धूर निघायला हवा, ही पोरांची अट. थर्माकोल वापरायचं नाही, हे आधीच ठरलंय.

मीटरगेज_१०००

थर्माकोल नाही हे बरं केलंत, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात बंदीच आहे. पण आराखड्यात तीन वेगवेगळे काळ एकाच रुळावर आणून उभे केलेत. एकेक सोडवू.

कोल्हापूर–मिरज मार्गाची पायाभरणी १८८८ ची आणि गाडी सुरू झाली १८९१ ला. अंतर साधारण ४८ किलोमीटर. पैसा कोल्हापूर दरबारचा, गाड्या चालवायला सदर्न मराठा रेल्वे कंपनी. १९०८ नंतर तिचीच मद्रास अँड सदर्न मराठा झाली. आता शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा. म्हणजे १८९१ साली ते सोळा वर्षांचे होते आणि राज्याधिकार हाती यायला अजून तीन वर्षं होती, ते १८९४ ला आले. तुमचा पेंटर भरघोस मिशांचे, भारदस्त देहाचे महाराज रंगवणार आणि खाली १८९१ लिहिणार. जाणत्यांच्या नजरेतून हे सुटणार नाही. झेंडा वगळाच. कडेला वेगळा फलक करा: पायाभरणी १८८८, सुरुवात १८९१, आणि स्टेशनाला लागून शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवली १८९५. महाराजांचं तेच चित्र या तिसऱ्या सालाशेजारी ठेवलंत तर कमी खटकेल.

महालक्ष्मीचं नाव इथे चालणार नाही. कोल्हापूर–मिरज मूळची मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर. मिरज–पुणेही मीटरगेजच. पुण्याच्या पुढे मुंबईकडे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. मीटरगेजचा डबा पुण्याच्या पुढे जाऊच शकत नव्हता. मुंबईला जाणारा माणूस वळकटी-ट्रंक घेऊन पुण्यात उतरायचा आणि दुसऱ्या गाडीत बसायचा. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, त्याही तशाच, एका वाघिणीतून (मालडब्यातून) हमालाच्या पाठीवर आणि तिथून दुसऱ्या वाघिणीत. १९७१ ला ब्रॉडगेज कोल्हापुरात पोचली आणि त्यानंतरच मुंबईची थेट गाडी शक्य झाली. मीटरगेजच्या इंजिनामागे 'मुंबई–कोल्हापूर' अशी पाटी म्हणजे बैलगाडीला विमानाचं तिकीट.

सल्ला एवढाच की एक साल पक्कं करा आणि बाकी सगळं त्या सालाला बांधा. मी १९६५ सुचवेन. तेव्हा मीटरगेज होती, वाफ होती, तिसरा वर्ग होता आणि ते दिवस बघितलेली माणसं अजून पेठेत आहेत. इंजिन 'वायपी' वर्गाचं घ्या. स्वातंत्र्यानंतर मीटरगेजच्या सवारी गाड्यांसाठी देशभर हेच आलं, एकूण ८७१ बनली, त्यातली निम्म्याहून जास्त जमशेदपूरला टेल्कोत. डबे विटकरीकडे झुकणाऱ्या तांबूस रंगाचे. निळे डबे फार नंतरचे, १९९० च्या दशकातले. आणि हो, वर विजेच्या तारा दाखवू नका. गुगलवरचा आजचा फोटो समोर ठेवून पेंटर काम करतो आणि तारा तशाच उतरवतो.

पूल ठीक आहे, फक्त जागा बघा. कोल्हापूर सोडलं की गूळ मार्केट, वळिवडे, मग पंचगंगा, पलीकडे रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मग कृष्णा ओलांडून मिरज. स्टेशनाच्या फलाटाला चिकटून नदी दाखवलीत तर शाहूपुरीत पूर आल्यासारखं दिसेल.

पुठ्ठा_आणि_पट्टी

वरचं सगळं मान्य. आता बांधकामाचं.

१:१० हे माप घ्या, डोक्याला ताप नाही. रुळांमधलं अंतर १० सेंमी. डबा खऱ्यात साधारण १९.५ मीटर लांब आणि २.७४ मीटर रुंद, म्हणजे तुमचा १९५ सेंमी लांब, २७ सेंमी रुंद, रुळापासून उंची ३४ सेंमीच्या आत. इंजिन आणि टेंडर (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) मिळून साधारण डब्याएवढंच धरा. स्टेज १४ फूट म्हणजे ४२७ सेंमी. इंजिन अधिक एक डबा झाला ३९० सेंमी, संपला हिशेब. दुसरा डबा बसत नाही. त्याचा पुढचा तुकडा विंगेतून डोकावू दे आणि बाकी पडद्याआड.

रूळ: लाकडी पट्टी किंवा वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी, उंची १२ मिमी. गंजाचा रंग बाजूंना, वरची कड चंदेरी. उलटं केलं तर बंद पडलेला मार्ग वाटतो, कारण चालत्या गाडीच्या चाकांनी वरची कड घासून लख्ख राहते. स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, १८ सेंमी लांब, २ सेंमी रुंद, दोन स्लीपरच्या मध्यांत ८ सेंमी. १४ फुटांना ५३-५४ स्लीपर लागतील. रंग काळपट तपकिरी, कारण ते लाकडी. राखाडी सिमेंटचे स्लीपर १९६५ ला दाखवू नका. खडी काळ्या दगडाचीच, बारीक, ५ मिमीच्या आसपास. बांधकामाची मोठी खडी टाकलीत तर रुळात धोंडे पडल्यासारखे दिसतात.

वायपीची चाकं मोजून लावा. एका बाजूने बघताना पुढे दोन लहान, मग तीन मोठी, मग एक लहान. मोठ्या चाकाचा व्यास खऱ्यात १३७२ मिमी, तुमचं १३.७ सेंमी. १२ मिमी प्लायवुड सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग यंत्रावर) कापून घ्या, हाताने कापलेलं गोल फिरताना हेलकावे खातं.

तीन मोठ्या चाकांना जोडणारा दांडा हा सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग. दांड्याची खुंटी चाकाच्या केंद्रापासून बरोबर ३ सेंमीवर हवी, तिन्ही चाकांना सारखी. एका चाकात २ मिमीचा फरक पडला तरी दांडा अर्धा फेरा जातो आणि अडकतो, मग मोटर गरम होऊन जळते. दांड्यातली भोकंही चाकांच्या आसांमधल्या अंतराइतक्याच अंतरावर पाहिजेत. तिन्ही चाकं आधी फळीवर बसवा, मग त्यांवरून दांड्यावर खूण करा, मग भोक पाडा. कागदावरच्या आकृतीवरून आधी दांडा कापू नका. भोक खुंटीपेक्षा अर्धा मिमी सैल ठेवा, ग्रीस लावा.

मोटर मधल्या चाकालाच जोडायची. बाकीची दोन दांड्यावर ओढली जातात. दुसरी बाजू प्रेक्षकांना दिसत नसेल तर तिकडे दांडा लावूच नका. लावणार असाल तर तिकडची खुंटी पाव फेरा, म्हणजे ९० अंश पुढे ठेवा. खऱ्या इंजिनात तसंच असतं. दोन्ही बाजू एकाच वेळी टोकाला आल्या तर इंजिन जागचं हलणारच नाही, म्हणून एक बाजू टोकाला असताना दुसरी मध्यावर ठेवतात.

१२ व्होल्टची गाडीची जुनी वायपर मोटर भंगारात मिळते. ती कमी वेगावर मिनिटाला ४५ च्या आसपास फेरे देते, आपल्याला १५ हवेत. व्होल्टेज कमी करून वेग उतरवू नका, जोर जातो आणि दांडा जड झाला की थांबते. लहान-मोठी पुली १:३ अशी लावा. चाकं रुळाला टेकवू नका, ३ मिमी वर तरंगती ठेवा. तीन फुटांवरून कुणाला कळत नाही. इंजिन जागेवरच, मागचा पडदा दोन रोलरवर सरकू दे.

शिट्टी_आणि_धूर

आवाजाचा हिशेब कुणीच करत नाही, म्हणून लिहितो. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार वेळा 'फक्' होतं, प्रत्येक सिलिंडरमधून दोनदा. वरच्या पोस्टप्रमाणे १५ फेरे घेतलेत तर मिनिटाला ६० आवाज, सेकंदाला एक. गाडी फलाट सोडतानाचा संथ ठेका बरोबर तोच. यूट्यूबवरून सुसाट धावत्या गाडीचा आवाज लावाल, चाकं मात्र रेंगाळत फिरतील, आणि बघणाऱ्याला काय चुकतंय ते सांगता येणार नाही पण खोटं वाटेल. ध्वनिमुद्रण काहीही असो, घड्याळ लावून ठोके मोजा आणि मग लावा.

तसंच पडद्याचं. १३.७ सेंमी व्यासाच्या चाकाचा परीघ ४३ सेंमी. १५ फेऱ्यांना साडेसहा मीटर. रुळाजवळचे तारेचे खांब मिनिटाला साडेसहा मीटर वेगाने मागे जायला हवेत. लांबचे डोंगर वेगळ्या पडद्यावर घेतलेत तर त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याने.

धुरासाठी उदबत्तीचे पुडे किंवा कापूर इंजिनात पेटवू नका, प्लायवुड आणि कापड आहे आत. पाण्याच्या धुक्याचा अल्ट्रासोनिक मिस्ट मेकर पुरतो. प्लास्टिकच्या डब्यात पाणी, चकतीवर इंचभर. पातळी उतरली की तो बंद पडतो किंवा चकती जाते, त्यामुळे संध्याकाळी दर दोन तासांनी पाणी बघायची पाळी लावून द्या. डब्यातून चिमणीपर्यंत दोन इंची पाइप आणि खालून संगणकातला छोटा पंखा. पंखा थेट पाण्यावर नको, बाजूने. पाइपाच्या आत पाणी जमून उलटं गळतं, त्याला खाली भोक आणि वाटी ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी इंजिनाचं पोट फुगलेलं दिसेल. पुठ्ठ्याला आतून ऑइलपेंटचे दोन हात.

लाल_हात

सिग्नलचं सांगतो, कारण दहापैकी नऊ देखाव्यांत तो उलटा असतो.

तुमच्या काळाला हात खाली पडणारा सिग्नल घ्या. आडवा हात म्हणजे थांब. खाली ४५ ते ६० अंश झुकला की जा. वर उचललेला हात हा वेगळा प्रकार, इथे नको. ड्रायव्हरकडून बघताना हात खांबाच्या डावीकडे. पुढची बाजू लाल, टोकाजवळ पांढरा उभा पट्टा. मागची बाजू पांढरी, त्यावर काळा पट्टा. टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला हात म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा, त्यावर ड्रायव्हर थांबत नाही. दिसायला छान म्हणून पेंटर मुख्य सिग्नललाच खाच पाडतात. ते करू नका. आणि गाडी निघतेय असं दाखवताना हात आडवा ठेवू नका, एवढं तरी.

आणखी एक गोष्ट घेता आली तर बघा, खर्च काहीच नाही: टोकनचा गोळा. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन्ही स्टेशनांत विजेने जोडलेली यंत्रं असायची. दोन्हीकडच्या मास्तरांनी घंटेच्या खुणा करून संमती दिल्याशिवाय यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडत नसे, आणि एक बाहेर असताना दुसरा निघत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. ड्रायव्हरच्या हातात तो नसेल तर गाडी हलवायची नाही. कडं एवढं मोठं कशाला, तर न थांबणाऱ्या गाडीतून हात घालून उचलता यावं म्हणून. तुमच्या फलाटावर मास्तराच्या पुतळ्याच्या हातात हिरव्या झेंड्याबरोबर हे कडं द्या. पुतळा १:१० म्हणजे साडेसोळा-सतरा सेंमीचा, कडं जाड तारेचं, त्याला कातड्याचा तुकडा.

तिकीटवाला_५७x३०

पुठ्ठ्याचं तिकीट म्हणजे एडमंडसन पद्धतीचं. माप ५७ × ३० मिमी, जाडी पाऊण मिमीच्या थोडी वर. ए४ कागदावर आडवं मांडलं तर २७ बसतात, उभं मांडलं तर कडा सोडून ३०. ३०० जीएसएमचा एक कागद पातळ पडतो, दोन चिकटवून दाबा. फेविकॉल पाणी घालून पातळ करू नका, तिकीट वाकतं. चिकटवल्यावर रात्रभर वजनाखाली, मग कापा. कापून मग चिकटवाल तर कडा जुळणार नाहीत.

मजकूर सालाशी जुळवा. घरोघरी जुनी तिकिटं सापडतात, त्यांचं साल ओळखायलाही याच खुणा:

रुपये-आणे-पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. नुसते 'पैसे' असतील तर १९६४ च्या जूननंतरचं. 'तिसरा वर्ग' असेल तर १९७४ च्या आधीचं, कारण तेव्हा तो वर्गच गेला. रेल्वेचं नाव मद्रास अँड सदर्न मराठा असेल तर १९५१ च्या आतलं, दक्षिण रेल्वे असेल तर १९५१ ते १९६६, त्यानंतर दक्षिण मध्य. ती स्थापन झाली २ ऑक्टोबर १९६६ ला. मध्य रेल्वेचा पुणे विभाग फार नंतरचा, १९९६ चा.

म्हणजे १९६५ चं तिकीट: दक्षिण रेल्वे, तिसरा वर्ग, कोल्हापूर ते मिरज, भाडं रुपये-पैशांत. भाड्याचा आकडा मनाने घालू नका. कुणाकडे त्या काळाचं खरं तिकीट असेल तर त्यावरून घ्या, नसेल तर ती जागा शिक्क्याखाली झाकून टाका. दोन्ही टोकांना एकच अनुक्रमांक. तारीख छापायची नाही, ती खिडकीवरच्या यंत्रात तिकीट घालून दाबून उठवायचे. तारखेचा रबरी शिक्का घ्या आणि अर्धवट, जरा तिरका मारा. सगळ्या तिकिटांवर सरळ सुबक शिक्का आला की ते लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसतं. मागे बारीक अक्षरात 'प्रवासासाठी नाही' लिहायला विसरू नका.

वारीची_गाडी

भिंतीवरच्या यादीबद्दल. 'बंद झाली' या एका शब्दाखाली तीन प्रकार आहेत, ते वेगळे करा.

पहिला, मार्गच गेला. यात मिरजेची छोटी गाडी, बार्शी लाईट, सगळ्यात वर. ७६२ मिमीची नॅरोगेज. कुर्डुवाडी–बार्शी १८९७ ला सुरू झाली, पंढरपूरला १९०६ ला पोचली, लातूरला १९११ ला आणि पंढरपूर–मिरज १९२७ ला. आरग, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला करत जायची. कोल्हापूरच्या वारकऱ्यांनी मिरजेला उतरायचं आणि हिच्यात बसायचं. आषाढीला टपावरही जागा नसायची. हिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याची अक्कल अशी की कुठल्याच आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, खर्च उतरतो, आणि तरी डबे लांब आणि ऐसपैस ठेवता येतात. १९५४ ला सरकारने ती घेतली. आता त्याच वाटेवर ब्रॉडगेज आहे, त्यामुळे 'मिरज–पंढरपूर रेल्वे बंद झाली' असं लिहू नका, 'नॅरोगेज गेली' लिहा. एकाच स्टेशनात तीन गेज हे मिरजेचं वैशिष्ट्य. जागा उरली तर १:१० मध्ये तीन रूळ शेजारी ठेवा: १६.८, १० आणि ७.६ सेंमी. लहान पोरांना गेज म्हणजे काय ते एका नजरेत कळतं, फलकाची गरज नाही.

दुसरा, गाडी आहे पण कोल्हापूरला येत नाही किंवा पूर्वीइतकी लांब जात नाही. राणी चन्नम्मा बंगळूरहून कोल्हापूरपर्यंत यायची, आता कोल्हापूरच्या आधीच थांबते. सह्याद्री मुंबई–कोल्हापूर होती, मार्च २०२० ला थांबली आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून पुणे–कोल्हापूर एवढीच विशेष गाडी म्हणून धावायला लागली. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मुंबईत बसून पहाटे कोल्हापुरात उतरायची सोय त्यात गेली. हिला 'बंद' लिहिलंत की कुणीतरी म्हणणार 'अरे, कालच आली की'. 'मुंबईपर्यंतची सह्याद्री' असं पूर्ण लिहा.

तिसरा, नुसता क्रमांक बदललेला. चार अंकी क्रमांक २० डिसेंबर २०१० ला पाच अंकी झाले. १०२३ ची ११०२३ झाली, गाडी तीच. यादीत दोन्ही क्रमांक दोन गाड्या म्हणून येऊ देऊ नका.

पेठेतला_कार्यकर्ता

नाद खुळा! महाराज फलकावर गेले, महालक्ष्मी उतरवली, साल १९६५ पक्कं. एकच राहिलं. गुळाचे रवे मालधक्क्यावर ठेवायचेत, ते कसे करू? आणि वळिवडे स्टेशन छोटंसं दाखवलं तर त्याला काही जोड?

मीटरगेज_१०००

रवा ३० किलोचा, बादलीच्या आकाराचा, वर रुंद आणि खाली निमुळता. १:१० मध्ये तो सुपारीपेक्षा थोडा मोठा होतो. शाडूच्या मातीचे करा, साच्याला बाटलीचं झाकण चालेल. रंग एकसारखा नको, पिवळसर ते गडद तांबूस असे दोन-तीन हात, कारण वेगवेगळ्या गुऱ्हाळांचा माल एकाच धक्क्यावर यायचा. उघडे दोन-चारच ठेवा, बाकी गोणपाटात. पावसाळी गणपती आहे, मातीच्या रव्यांना वॉर्निश लावा, नाहीतर खरा गूळ सुटतो तसे तेही सुटतील.

वळिवड्याला पोलिश लोकांचा फलक लावा. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे ५००० पोलिश, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. फक्त तो फलक गाडीच्या दृश्यात घुसवू नका, भिंतीवर घ्या. तुमचं साल १९६५ आहे.